गझल भटांसारखी होते, म्हणून मी वाचणंच सोडलंय

पत्राचा सारांश:
करवीर तालुक्यातल्या एका गावाहून रोज एसटीनं कोल्हापूरला नोकरीसाठी येणाऱ्या, तिशीच्या आतल्या एका मैत्रिणीचं हे पत्र. वडील गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, आहेत. कॉलेजात असताना सुरेश भटांचा संग्रह हाती पडला आणि गझलेनं तिला झपाटलं. भटांच्या कितीतरी गझला तिला तोंडपाठ आहेत. गेल्या वर्षी शहरातल्या एका मैफलीत तिनं गझल म्हटली, तेव्हा एक ज्येष्ठ शायर माइकवरूनच म्हणाले, "पोरी, म्हणतीस झ्याक, पण ह्यात तुझं काय हाय? हे समदं भटांचंच की." सभागृह हसलं. घरी येऊन तिनं भटांची पुस्तकं ट्रंकेत टाकली, मागोमाग बाकीच्या कवींचीही. आपला आवाज स्वच्छ राहावा म्हणून कुणाचंच वाचायचं नाही, असं ठरवलं. आता लिहिणंही थांबलं आहे. ती विचारते: गझल सोडून मुक्तछंदात लिहू का? मैत्रीण संग्रह काढ म्हणून मागे लागली आहे, त्यातून भटांच्या वळणाच्या गझला काढून टाकू का? सोबत एका अपुऱ्या गझलेचे दोन शेर, म्हणजे दोन-दोन ओळींची कडवी, आहेत. पत्राचं शेवटचं वाक्य: "भट म्हणतात, रंग माझा वेगळा. मला रंगच नाही, मग लिहू कशाला?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही ओळ अर्धीच लिहिलीत. भटांची पूर्ण ओळ आहे, "रंगुनी रंगात साऱ्या रंग माझा वेगळा." तुम्हाला ती पाठ आहे, तरी पत्र लिहिताना पहिला अर्धा भाग गळला. तुमच्या अडचणीचं मूळ मला तिथंच दिसतं. वेगळेपण हवं तर रंगांपासून लांब राहायला हवं, असं तुम्ही धरून चाललात. ज्यांच्या धाकानं तुम्ही पुस्तकं ट्रंकेत टाकलीत, ते मात्र साऱ्या रंगांत रंगण्याची गोष्ट आधी सांगतात.

वाचणं थांबवल्यानं काय झालं, तेही बघा. भटांच्या गझला तुम्हाला पाठ आहेत. पुस्तक ट्रंकेत गेलं तरी त्या डोक्यातून गेल्या नाहीत. गेले ते बाकीचे कवी. म्हणजे ज्या एका आवाजापासून सुटका हवी होती तोच कानात उरला, आणि त्याच्याशी वाद घालू शकणारे दुसरे आवाज तुम्ही स्वतःच बंद केलेत. लिहिणं थांबलं यात मला काही नवल वाटत नाही.

आता "स्वच्छ आवाज" या कल्पनेकडे येऊ. आत कुठेतरी कुणाचाही हात न लागलेला आपला एक आवाज आहे, बाहेरचा थर खरवडला की तो निघेल, असं तुम्हाला वाटतं. मराठीत स्वतःच्या आवाजाचा कवी कोण, असं विचारलं तर बहुतेक लोक तुकोबांचं नाव घेतील. कविता कशी सुचली ते सांगताना तुकोबा म्हणतात, "कांहीं पाठ केलीं संतांची उत्तरें, विश्वासें आदरें करोनियां." आधी पाठांतर, तेही विश्वासानं आणि आदरानं. दुसऱ्या अभंगात ते सांगतात की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, कवित्व कर म्हणाले आणि शतकोटी अभंगांतला आपला उरलेला वाटा पुरा करायला सांगितलं. आपण दुसऱ्याचं राहिलेलं काम पुढं नेतोय, असं जाहीर सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही. तरी गाथेचं कुठलंही पान उघडा, ते नामदेवांचं वाटत नाही. दुकान, दुष्काळ, देहूची माणसं, स्वतःवरचा संताप, यांतलं काहीच त्यांनी उसनं आणलेलं नाही.

ज्ञानेश्वर तर त्याहून मोकळे. अठराव्या अध्यायात ते म्हणतात, व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट विचारत मी निघालो आहे. आणि तुमच्यासारख्या धास्तावलेल्या माणसासाठीच लिहावी तशी ही ओवी:

राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शाहाणें ।
आणिकें काय कोणें । चालावेंचि ना ॥

राजहंसाची चाल देखणी ठरली म्हणून बाकीच्यांनी चालायचंच नाही की काय? सातशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न तुमच्या पत्राला जसाच्या तसा लागू पडतो.

तुम्ही राहता त्या मुलखाचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. मराठीत फारसी वळणाची गझल रुजवायचा पहिला मोठा प्रयत्न माधव जूलियनांचा, आणि ते माधवराव पटवर्धन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. त्यांची 'गज्जलांजलि' 1933 सालची. फारसीतली वृत्तं त्यांनी मराठीच्या अंगाला बसवून पाहिली. त्यांच्या पुष्कळ गझलांत एकच विचार सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत राहतो. पुढं भटांनी उर्दू गझल पचवली आणि प्रत्येक शेर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, असा आग्रह धरला. नव्यांना शिकता यावं म्हणून 'गझलेची बाराखडी' लिहिली. बाराखडी लिहिणाऱ्या माणसाला ती इतरांनी गिरवायलाच हवी असते. तुम्ही ती गिरवलीत, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मोठ्या कवींवर प्रभाव नसतो, असंही तुमच्या पत्रातून जाणवतं. मर्ढेकरांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' 1939 सालचा. तो वाचताना बालकवी आठवतात, माधव जूलियन आठवतात. त्यानंतर आठ वर्षांनी, 1947 मध्ये, 'काही कविता' आला आणि त्यात ओल्या पिपात मेलेले उंदीर होते. मराठी कविता तिथून वळली, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या वळणावर मर्ढेकरांनी जवळ केले ते ओवी-अभंगासारखे जुने छंद. जवळच्या पूर्वसुरींच्या सावलीतून निघायला त्यांना कित्येक शतकं मागच्यांचा हात धरावा लागला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि पुढच्या सल्ल्यात ते पुन्हा येईल. 'शिशिरागम' नंतर त्यांनी घाबरून वाचन सोडलं असतं तर, हा विचार मनात आला की मला तुमच्या ट्रंकेची काळजी वाटते.

आता तुमचे शेर. इतर वाचकांसाठी ते इथं देतो. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, असा:

आसवांच्या मैफलीला मी मशाली लावल्या
अन् व्यथांनी जाळलेल्या ओंजळी मी सांडल्या

आणि दुसरा शेर:

रात्र सारी काहिलीशी जागला तो एकटा
पोळल्या हातीच त्याने चार नोटा मोजल्या

वृत्त दोन्हीकडे निर्दोष आहे. गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु अक्षर), म्हणजे देवप्रिया हे वृत्त. 'रंग माझा वेगळा'चं वृत्तही हेच. काफिया, म्हणजे यमक, तोही चोख. म्हणजे बाराखडी तुम्ही उत्तम शिकलात. पण मतल्यातल्या आसवं, मशाली, व्यथा, ओंजळी या चारही गोष्टी तयार मिळालेल्या आहेत. आसवांची मैफल कुठं भरली होती, मशाल कुणाच्या हातात होती, ओंजळीतून नक्की काय सांडलं? मी विचारलं तर तुम्हाला सांगता येणार नाही, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. हे शब्द भटांच्या कवितेत तापलेले होते, कारण त्यांच्यामागं त्यांचं जगणं होतं. तुमच्यापर्यंत येताना फक्त शब्द आले.

दुसऱ्या शेराला मी काहीही विचारू शकतो. काहील म्हणजे गुऱ्हाळातली उसाचा रस उकळायची मोठी कढई. हात का पोळले? पाक झाला की नाही हे बघायला गुळव्या उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकतो, गोळी बोटांनी चाचपतो. रात्र सारी का? हंगामात चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, थंड होऊ देत नाहीत, चिपाडं सारणारा सारतच राहतो. नोटा चारच का? ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. 'जागला तो एकटा' म्हणताना बाप हा शब्द तुम्ही टाळलात, आणि तरी 'तो' कोण हे ऐकणाऱ्याला कळतं. ही समज कुणी शिकवून येत नाही. आणि लक्षात घ्या, या शेराचं वृत्तही भटांनी गाजवलेलंच आहे, कष्टणारा बापही मराठी कवितेत आधी येऊन गेलेला आहे. म्हणजे हा शेरही 'शुद्ध' नाही. तरी तो तुमचाच आहे.

हा फरक ओळखायला एक जुनी कसोटी फार उपयोगी पडते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला. त्याच्या चौथ्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, दोन कवींच्या रचनांतलं साम्य तीन प्रकारचं असतं, असं तो सांगतो. पहिलं प्रतिबिंबासारखं: त्याला स्वतःचा जीवच नसतो. दुसरं चित्रासारखं: जीव असतो, पण नावापुरता. तिसरं एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जित्या माणसांसारखं: चेहरा मिळताजुळता, पण माणूस निराळा. पहिली दोन कवीनं टाळावीत, तिसरं टाळायचं कारण नाही, असा त्याचा निवाडा आहे. हजारावर वर्षं झाली, मला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही. तुमची वही घ्या आणि प्रत्येक शेरापुढं एक, दोन किंवा तीन लिहा. मतला माझ्या मते पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे पडतो. काहिलीचा शेर स्वच्छ तिसऱ्यात. ज्यांना ग्रेसांसारखं होतं, ढसाळांसारखं होतं म्हणून रुखरुख आहे, त्यांनीही हेच करून पाहावं. अशी पत्रं मला अधूनमधून येत असतात.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. सगळा वारसा गोडीगुलाबीचा नसतो. अमेरिकेतले समीक्षक हेरॉल्ड ब्लूम यांनी 1973 मध्ये 'द अँग्झायटी ऑफ इन्फ्लुअन्स' या पुस्तकात मांडलं की कवी आपल्या आधीच्या बलाढ्य कवीशी झगडतो, त्याला मुद्दाम वेगळं, अगदी चुकीचं वाचतो, आणि त्या चुकीच्या वाचनातून स्वतःला जागा करून घेतो. बाप-लेकाच्या भांडणासारखं हे चित्र आपल्या वारकरी परंपरेला लावलं तर तोकडं पडतं. पण तुमच्या बाबतीत त्यातला एक भाग कामाचा आहे. तुम्ही भटांवर प्रेम केलंत, त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाहीत.

देऊन बघा. त्यांचा गाजलेला मतला घ्या: "इतकेच मला जाताना सरणावर कळले होते, मरणाने केली सुटका, जगण्याने छळले होते." इथं बोलतोय तो सरणावर आहे. आता नजर थोडी बाजूला न्या. सरण रचणाऱ्याला काय कळलं? लाकडं वाहून आणणाऱ्याला? पंचगंगेच्या घाटावर मागं थांबलेल्या बायकोला सुटका वाटली का? हा प्रश्न भटांच्या शेरातूनच निघतो आणि त्याचं उत्तर भटांकडे नाही. ते तुम्हाला शोधावं लागेल. आदर जराही कमी न करता असं भांडता येतं. नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा' या संग्रहात प्रस्थापित मराठी कवितेची भाषाच नाकारली, तेव्हा आपण काय नाकारतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. नकार द्यायलासुद्धा वाचलेलं असावं लागतं.

सरावासाठी गझलेच्या परंपरेतच एक वाट आहे: तरही. दुसऱ्या शायराची एक ओळ घ्यायची, तिच्या जमिनीत, म्हणजे त्याच वृत्त-काफिया-रदीफात (रदीफ म्हणजे काफियानंतर दरवेळी तसाच येणारा शब्द), आपले शेर रचायचे, आणि घेतलेली ओळ अवतरणात ठेवून मूळ शायराचं नाव द्यायचं. उसनं घेतलंय ते उघड असल्यामुळं लपवाछपवीची भीती उरत नाही, आणि स्वतःच्या शेरांत स्वतःचं काय आलं हे लगेच दिसतं. ज्येष्ठांची एक-एक ओळ घेऊन महिन्याला एखादी तरही लिहा.

दुसरा सराव थोडा आडवळणाचा, पण मी तो आग्रहानं सुचवेन: भटांचं विडंबन लिहा. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले' लिहिलं, ते त्या काळच्या कवींच्या लकबी बारकाईनं टिपूनच. लकब अशी मोठी करून लिहिली की ती कानाला ओळखू यायला लागते, आणि मग आपल्या गंभीर गझलेत शिरली की खटकते. हे छापायचं नाही, वहीतच ठेवायचं.

सर्वात महत्त्वाचं आता सांगतो. तुमचं दुखणं भटांचं ओझं जास्त झाल्याचं नाही, एकट्या भटांचंच ओझं असल्याचं आहे. एकाच सावकाराचं कर्ज असलं की माणूस त्याचा मिंधा होतो. म्हणून ट्रंक उघडा, भटांना बाहेर काढा आणि त्यांच्या शेजारी अशा कवींना बसवा ज्यांचं त्यांच्याशी अजिबात जमत नाही. भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं. ऑफिस सुटल्यावर एसटीला वेळ असेल तेव्हा तिथं जा. मोरोपंत घ्या, ते 1729 मध्ये तुमच्या पन्हाळ्यावरच जन्मले. एकच रामकथा त्यांनी 108 वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली, अशी परंपरा आहे. नवा विषय शोधायच्या नादात आपण जे विसरतो, म्हणजे तीच गोष्ट किती प्रकारे सांगता येते, ते त्यांच्याकडं शिकावं. आर्या अवघड वाटल्या तर थोड्याच वाचा, पण मोठ्यानं वाचा.

मग अरुण कोलटकर वाचा. तेही कोल्हापूरचेच. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे, तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारे. 'चिरीमिरी' या संग्रहात त्यांनी बोलीतल्या माणसाला बोलीतच बोलू दिलं आहे, आणि ते ऐकताना जुनी भक्तिकविता मागं कुठंतरी चालू असल्यासारखी वाटते. कोलटकरांकडून गझल शिकायला मिळणार नाही. मिळेल ते एवढंच की आपल्या घरात बोलतात ती भाषा कवितेत जशीच्या तशी बसू शकते. तुमच्या मतल्यात मला त्याचीच उणीव दिसली. शायरांनी माइकवरून जे म्हटलं ते तुम्ही पत्रात हुबेहूब बोलीत लिहिलंत, 'समदं' आणि 'हाय' सकट. म्हणजे कान तयार आहे. तो गझलेत का येत नाही? गझलेची भाषा म्हणजे आसवं-मशालीचीच भाषा, असं कुठंतरी मनानं घेतलंय. काहील हा शब्द तुम्ही आणलात तेव्हा काही बिघडलं का?

त्या ज्येष्ठांबद्दल. भर मैफलीत माइकवरून बोलणं बरोबर नव्हतं, खासगीत सांगायला हवं होतं. ते हसू तुम्हाला लागलं, कुणालाही लागलं असतं. पण त्यांनी ऐकलं ते खोटं नव्हतं. 'समदं' म्हणाले ती अतिशयोक्ती, 'भटांचं' म्हणाले ते काही शेरांपुरतं खरं. जमलं तर त्यांना एकदा फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: "काका, नेमका कुठला शेर भटांचा वाटला?" कानाचा माणूस असेल तर शेर सांगेल, आणि ती माहिती तुमच्या उपयोगाची आहे. गोलगोल बोलायला लागले तर तो विषय तिथंच सोडा. आणि काहिलीचा शेर त्यांना जरूर ऐकवा.

मुक्तछंदात लिहायचं तर खुशाल लिहा, पण भटांपासून पळायला म्हणून नको. मुक्तछंदातही आधीचे लोक बसलेलेच आहेत, आणि तिथं वृत्ताचा आधार नसल्यानं उसना सूर जास्त लवकर उघडा पडतो. तुमचं वृत्त पक्कं आहे. ते सहजासहजी कुणाला येत नाही, टाकू नका.

संग्रहाची घाई नको. ज्या शेरांपुढं एक किंवा दोन लिहाल ते बाजूला काढा, फाडू मात्र नका, पुढं काही वर्षांनी ते सोबतीला लागतात. तरही घेतलीत तर तळाशी मूळ शायराचं नाव हवंच. चुकून एखादी ओळ अक्षरशः भटांची उतरली असेल, पाठ असलेल्या कवितेत असं होतं, तर ती काढा किंवा श्रेय द्या. व्यवहार म्हणूनही हे ध्यानात असू द्या: आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो, आणि भट 2003 मध्ये गेले. वृत्तावर, काफियावर, गझल या प्रकारावर कुणाचाच हक्क नाही. ते सगळ्यांचं आहे.

आणि ही गझल अपुरी ठेवू नका. रिवाजाप्रमाणं निदान पाच शेर हवेत. आताचा मतला काढलात तर नवा लागेल, दोन्ही ओळींना काफिया असलेला. तो मैफलीत शोधू नका, गुऱ्हाळात शोधा. ओतल्या, बांधल्या, झाकल्या, तापल्या, उचलल्या: काफिये तिथं ढिगानं आहेत. उचलल्या घेतलात तर लघु-गुरू तपासून घ्या, शेवटच्या गालगामध्ये तो काटेकोरपणे बसणार नाही. बाकीचे बसतील. पुरी झाली की पाठवा.